भिवाआबांच्या घरावर धूर नव्हता

कोंडाबाई गोरड हंबरडा फोडत ओढा उतरली, तेव्हा जिच्या नावानं ती रडत होती ती तानूआत्या अंगणात बसून मिसरी लावत होती.

कोंडाबाईच्या डोक्यावर पाटी होती. पाटीत फडक्याखाली भाकरी आणि पिठलं. डोळ्यांना पदर लावलेला, त्यामुळे तिला समोरचं काही दिसत नव्हतं. पायांना वाट ठाऊक होती म्हणून ती येत होती. "आगं माज्या आत्ये, कशी गं गेलीस, आमाला टाकून कशी गं गेलीस," असं सुरात म्हणत ती थेट अंगणात आली आणि मग तिनं पदर खाली घेतला.

तानूआत्यानं मिसरीचं बोट तोंडातून बाहेर काढलं. "कोन गेलं गं?"

कोंडाबाईचा सूर तिथेच तुटला. ती पाटीसकट मटकन खाली बसली. "आत्या... तुमी हाईसा व्हय?"

"हाय की. कुटं जाऊ?"

"मग तुमच्या घरावर धूर कसा न्हाई?"

मी आणि छबू पलीकडे आरशाच्या पेटीपाशी उभ्या होतो. छबूनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. शाळेच्या निसर्ग मंडळात आम्ही वर्षभर पुष्कळ काही शिकलो होतो. ही गोष्ट मात्र कुणी शिकवली नव्हती.

याला आता पस्तीसेक वर्षं होऊन गेली. आमचं गाव माण तालुक्यातलं. मध्ये शाळा, देऊळ आणि माझ्या वडिलांची पिठाची गिरणी, आणि भोवती माळावर विखुरलेल्या वस्त्या. ओढ्याच्या अलीकडे विरकरांची, पलीकडे गोरडांची, टेकाडाखाली काटकरांची; आडनावं वेगळी, पण सगळ्यांना मिळून भावकीच म्हणायचं. पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो आणि चहा घेऊन जातो. ऊन मात्र घरचंच.

शाळेत पिसे सर विज्ञान शिकवायचे. त्यांच्याकडे लूना होती. उतार लागला की ते इंजिन बंद करायचे, पेट्रोल वाचतं म्हणून. आणि चढाला लागले की तेवढ्याच निष्ठेनं पेडल मारायचे. त्यामुळे पहिल्या तासाला सुरुवातीला त्यांना बोलता यायचं नाही, नुसता हात वर करून ते आम्हांला बसायची खूण करायचे. निसर्ग मंडळ त्यांनीच काढलं. शाळेत सगळे मिळून चार दिवे, आणि वीज आली तर आली. तरी दिवे बंद करायला त्यांनी एक मंत्री नेमला होता. बिचाऱ्याला वर्षभर काम मिळालं नाही.

मग सरांनी ठरवलं की आपल्या गावाची खरी ऊर्जा दिव्यात नाही, चुलीत जाते. कुठल्या घरात किती सरपण जळतं ते वजन करून बघायचं. वजनकाटा आमच्या गिरणीत होता, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. पोरं घरून मोळ्या आणायची आणि मी वजन सांगायची. छबू विरकरनं तिची मोळी काट्यावर टाकली, मग गंमत म्हणून ती स्वतः काट्यावर बसली. मोळी छबूपेक्षा जड निघाली. पोरं हसली. सर हसले नाहीत.

छबू माझ्याच बाकावर बसायची. म्हणजे यायची तेव्हा बसायची. आठवड्यातले दोन-तीन दिवस ती टेकाडापलीकडे सरपणाला जायची. तिची आई ती सहावीत असताना वारली. घरात तिचे वडील भिवाआबा, ती आणि वडिलांची आत्या तानूबाई. तानूआत्या न्हाण यायच्या वयात विधवा होऊन माहेरी परत आली आणि तिथेच नव्वदीला पोहोचली. अख्खी भावकी तिला आत्याच म्हणायची. त्या वर्षी होळीपासून तिनं अंथरूण धरलं होतं, आणि आत्या आता आठवड्याची सोबती आहे असं सगळे म्हणत होते. छबू तरी गणितात पहिली यायची. कशी यायची ते मला अजून कळलेलं नाही.

पण भिवाआबांनी सांगून टाकलं होतं, नववीची परीक्षा झाली की शाळा बंद.

त्याच सुमारास शाळेला एक सौरचूल मिळाली. लाकडी पेटी, आत काळे डबे, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. सरांनी शाळेच्या पटांगणात तिच्यात भात शिजवून दाखवला. मुख्याध्यापकांनी तो खाल्ला, छान म्हणाले, आणि पेटी कपाटावर चढली. दुसऱ्या दिवशी छबूनं तासाला हात वर केला.

"सर, त्या पेटीत हुलगं शिजत्यात का?"

सरांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि त्याच संध्याकाळी आम्हां दोघींना आणि पेटीला बरोबर घेऊन ते विरकरांच्या वस्तीवर गेले.

भिवाआबा दारात सुतळी वळत बसले होते. वाईट माणूस नव्हता. त्यांनी सरांना घोंगडं टाकलं, पाणी दिलं, आणि मग शांतपणे म्हणाले, "मास्तर, पोरगी हुशार हाय त्ये मला ठाव हाय. सांगाय लागत न्हाई. पर ती साळंत गेल्यावर चूल कोन बगनार? आत्या तर हातरुनात."

"या पेटीला कुणी बघावं लागत नाही," सर म्हणाले. "सकाळी भरायची, आरसा उन्हाकडे करायचा आणि शाळेत जायचं. दुपारपर्यंत आपोआप शिजतं. सरपण निम्म्यावर येईल. मग तिला टेकाडावर कशाला जावं लागतंय?"

"भाकरी व्हती का त्यात?"

 खोटं बोलायची सरांना सवय नव्हती. "भाकरी नाही होत."

"आबा, भाकरी मी पाटं थापून ठेवीन की," छबू दारामागून म्हणाली. "जुंधळ्याच्या कन्या आन कालवन तेवढं पेटीत."

भिवाआबांनी सुतळीला गाठ मारली. "हुलगं शिजत्यात?"

हुलगा कसा हट्टी असतो ते आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. जाळ घालून घालून बाईचे डोळे लाल होतात आणि हुलगा तसाच दगडासारखा. सरांनी पेटीवर हात ठेवला. "शिजतील."

"मग आसं करू. एक दीस माज्या घरची चूल पेटायची न्हाई. चा न्हाई, आंगुळीचं पानी न्हाई, काय न्हाई. दुपारी मी कामावरनं आलो की माज्या ताटात कन्या आन हुलग्याच्या घुगऱ्या पायजेत. शिजल्या तर जाऊ द्या तिला धाव्वीला. न्हाई शिजल्या, न्हाईतर चूल पेटली, तर मास्तर, ह्या कामापायी परत ह्या दारात यायचं न्हाई."

सरांनी मान डोलावली. उठता उठता भिवाआबा म्हणाले, "आन हे कुनाला बोलू नगा. लोक हसत्याल मला." आम्ही कुणाला बोललो नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

तो रविवार होता. मी उजाडताच वस्तीवर गेले. छबूनं भाकरी रात्रीच करून ठेवल्या होत्या, हुलगे भिजत घातले होते. भिवाआबा बिनचहाचे, तोंड वाकडं करून, टेकाडावर रोजगार हमीच्या नालाबंडिंगच्या कामाला निघून गेले. आम्ही एका डब्यात जोंधळ्याच्या कण्या आणि दुसऱ्यात हुलगे भरले, काच पुसली, आरसा लावला. तानूआत्या आतून ओरडली, "मला भाईर न्या, मला बगायचंय." तेव्हा आम्ही दोघींनी तिला उचलून अंगणात आणलं. उचलायला काही विशेष लागलं नाही. होळीपासून पहिल्यांदाच ती बाहेर आली होती. तिनं ऊन अंगावर घेतलं आणि मिसरीची डबी मागितली.

आता धुराचं सांगायला हवं. आमच्याकडे वस्त्या लांब लांब. कुणाकडे फोन नाही, कुणाची कुणाशी रोज गाठ नाही. सकाळी माणूस उठतो, ओढ्याकडे जातो, आणि जाता जाता चारी दिशांना नजर टाकतो. घराघरांच्या कौलांतून धूर निघतोय, म्हणजे सगळं बरं आहे. ज्या घरात मयत होतं त्या घरात चूल पेटत नाही. मग भावकी पिठलं-भाकरी घेऊन जाते आणि त्या घरातल्या माणसांना जबरदस्तीनं दोन घास चारते. त्याला कडू घास म्हणतात. हे आम्हांला ठाऊक नव्हतं असं नाही. लहान पोरालाही ठाऊक असतं. फक्त ज्या दिवशी चूल मुद्दाम पेटवायची नाही, त्या दिवशी ते आमच्या डोक्यात आलं नाही. पिसे सरांच्याही नाही. ते फलटणचे, तिथे गॅस होता.

"आधी चूल पेटव पोरी," कोंडाबाई भानावर येऊन म्हणाली. "आमची समदी वस्ती मागनं येतीया. काटकरांकडं सांगावा गेलाय. धूर दिसला म्हंजी तितनंच माघारी जात्याल."

"चूल न्हाई पेटवायची," छबू म्हणाली.

"का गं?"

"न्हाई पेटवायची."

ओढ्याच्या काठावर माणसांची डोकी दिसायला लागली होती. छबूनं इकडे तिकडे बघितलं. अंगणाच्या कोपऱ्यात निंबाचा पाला झाडून ढीग केलेला होता. ती घरात पळाली, काडेपेटी आणि दोन गोवऱ्या घेऊन आली, आणि मी काही म्हणायच्या आत तिनं ढीग पेटवून दिला. पाला अर्धवट ओला. असा काही पांढराधोट धूर निघाला की सरळ वर चढत गेला.

"धूरच पायजे नव्हं? घ्या धूर," छबू म्हणाली.

कोंडाबाईनं कपाळावर हात मारला. "आगं सटवे, अंगनात कशाला पेटीवलास? घरात चूल बंद आन अंगनात इस्तू! आता तर पार पक्कं झालं की गं!"

मग आमच्या डोक्यात उजेड पडला. मयताच्या दारात अंगणातच गोवऱ्या पेटवतात. त्या विस्तवावर पाणी तापतं, तोच विस्तव मडक्यात घालून पुढे नेतात. ज्या कुणाला आतापर्यंत शंका होती, त्याची छबूनं स्वतःच्या हातानं फेडून टाकली होती. आम्ही दोघींनी तो ढीग पायानं विझवायचा प्रयत्न केला, तेव्हा आणखी धूर झाला.

आणि मग माणसं आली. गोरडांची आली, काटकरांची आली, आमच्या गावातून देवळातली भजनी मंडळी आली. बायका ओढ्यात असतानाच सूर धरत होत्या आणि अंगणात पोहोचून आत्याला बघून गप्प होत होत्या. जी गप्प व्हायची ती मागून येणारीला सांगायची नाही. आपली फजिती झाली तशी तिचीही होऊ दे, असा माणसाचा स्वभाव. त्यामुळे प्रत्येकीचा हंबरडा अगदी शेवटपर्यंत शाबूत येत होता. आत्याला हे भलतंच आवडलं. "ही कोन? सोनाबाई व्हय? लई बेस रडतीस गं. तुज्या सासूला येवढी रडली नव्हतीस," असं ती एकेकीला सांगत होती.

बाळा गोरड खांद्यावर तिरडीचे दोन कळक घेऊन आला. आत्याला बघून त्यानं ते पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. आठ हात लांबीचे कळक पाठीमागे लपत नाहीत.

"ठेव तितं भितीला," आत्या म्हणाली. "आज न्हाई तर उद्या लागत्याल."

त्या गर्दीत पिसे सर पोहोचले. उतारावरून इंजिन बंद करून आले होते, त्यामुळे कुणाला चाहूल लागली नाही. पेटीतली उष्णता मोजायला ते प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन आले होते. घाईघाईनं ते माणसांतून वाट काढू लागले, तसा एक म्हातारा त्यांचा हात धरून हळहळून म्हणाला, "मास्तर, आता थरमामीटर लावून काय उपेग?"

सरांनी पेटीपाशी येऊन काचेतून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मीही बघितलं. सकाळी काचेवर आतून वाफ धरली होती, डब्यांची झाकणं हलकी हलत होती. आता सगळं थंड. आलेलं प्रत्येक माणूस ही आरशाची पेटी काय आहे म्हणून तिच्याभोवती येऊन उभं राहिलं होतं आणि पेटीवर उन्हाचा कवडसाही पडत नव्हता. छबूच्या दहावीवर भावकीची सावली पडली होती. "बाजूला व्हा, बाजूला व्हा," सर म्हणत होते, पण मयताच्या घरी मास्तरचं कोण ऐकतो. एक बाजूला झाला की दोन पुढे येत होते.

आणि टेकाडाकडून भिवाआबा पळत आले.

त्यांना सगळं ठाऊक होतं. चूल बंद का आहे ते ठाऊक होतं, पैज त्यांचीच. पण नालीत खोदताना कुणीतरी त्यांना हाक मारून दाखवलं, तुझ्या अंगणात विस्तव पेटलाय, माणसं जमलीत. मग त्यांना पैज आठवली नाही. पायात वहाण नव्हती, पटका हातात होता, चेहरा धुळीनं आणि रडण्यानं भरला होता. त्यांनी माणसं दोन हातांनी बाजूला सारली आणि समोर बसलेल्या आत्याला न बघताच तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "आत्ये, मला वाढवलंस गं तू," असं काहीतरी ते म्हणत होते. एवढा मोठा पुरुष असा रडताना मी पहिल्यांदा बघितला आणि मला फार कसंतरी झालं.

आत्यानं त्यांच्या डोक्यात टपली मारली. "मुडद्या, ऊठ. आजून ऱ्हायलीया मी."

भिवाआबांनी वर बघितलं. मग हसले. मग आजूबाजूला बघितलं, आणि हसू गेलं. सगळी भावकी, गावची भजनी मंडळी, भिंतीला टेकवलेले कळक, आणि मध्ये ती पेटी. कुणीतरी मागे खुसखुसलं. भिवाआबा उभे राहिले आणि त्यांनी पटका झटकला.

"छबे, चूल पेटव."

"आबा..."

"पेटव म्हनतोय नव्हं. जितं मानूस मेलं म्हनून गाव गोळा केलास. आता हुलगं शिजवनार हाईस व्हय? चूल पेटव, समद्यास्नी चा कर, आन ही पेटी मास्तरला परत दे."

छबू आत गेली. मी तिच्या मागे गेले. चूल तिनं पहाटेच सारवली होती, एक काळा डाग नव्हता. ती चुलीसमोर उकिडवी बसली. दोन काटक्या घातल्या, त्यांच्यावर पाचट ठेवलं. काडेपेटीतून काडी काढली. पण ओढली नाही. ती काडीकडे बघत बसली. तिच्या हाताला आदल्या दिवशीच्या मोळीचे ओरखडे होते. मला रडू आलं. तिला आलं नाही.

तेवढ्यात बाहेरून आत्याचा आवाज आला. होळीपासून अंथरुणात असलेल्या बाईचा आवाज तो नव्हता.

"चुलीला हात लावायचा न्हाई!"

"आत्ये, तू मधी बोलू नगस," भिवाआबा म्हणाले.

"बोलू नगस? भिवा, ही चूल कुनाची रं?"

 आमच्याकडे घर बापाचं असतं, रान भावाभावांचं असतं, पण चूल घरातल्या थोरल्या बाईची असते. त्यात कुणी पुरुष बोलत नाही.

"कुनाची? समद्यांच्या देखत सांग."

"तुजी."

"आन मी जिती हाय का मेले?"

"जिती हाईस."

"मग माज्या चुलीचं मी बगीन. आज ती निजलीया. लई वरसं जळली, एक दीस निजू दे तिला." आत्यानं दम खाल्ला. मग ती बाकीच्यांकडे वळली. "आन तुमी समदी. मला पोचवाय आलासा नव्हं? मग माजं आयका. त्या पेटीम्होरनं हटा. तिकडं गोठ्याच्या सावलीत बसा. त्या पेटीवर जो कोन सावली पाडंल त्येला मी मेल्यावर भूत व्हऊन धरीन. आज माजं बारसं हाय म्हना. घुगऱ्या खाऊन जायाचं."

नव्वदीच्या बाईचं बारसं! माणसं हसली, पण हटली. अख्खी भावकी गोठ्याकडे सरकली आणि मधलं अंगण मोकळं झालं. ऊन पुन्हा पेटीवर आलं.

मग सगळे वाट बघत बसले. दुसरं करायला काही नव्हतंच. कडू घास परत नेता येत नाही आणि जित्या माणसाच्या घरी खाता येत नाही. ती भाकरी शेवटी कुत्र्यांना घातली. ऊन सरकेल तसा बाळा गोरड सर सांगतील त्याप्रमाणे पेटी फिरवत होता. दोन कळक आणल्याची लाज त्याला भरून काढायची होती. काचेवर पुन्हा वाफ धरली तेव्हा भजनी मंडळींतला एकजण नकळत "पांडुरंग" म्हणाला. भिवाआबा दाराच्या उंबऱ्यावर सगळ्यांकडे पाठ करून बसले होते.

बायका हळूहळू छबूभोवती जमल्या.

"सरपन किती लागलं?" कोंडाबाईनं विचारलं.

"न्हाई लागलं."

"काडीबी न्हाई?"

"काडीबी न्हाई."

 घाम पुसायला कोंडाबाईनं डोक्यावरचा पदर मागे घेतला, तेव्हा तिच्या टाळूवर मोळीनं केस गेलेली जागा दिसली. तशी जागा त्या घोळक्यातल्या बहुतेक बायकांच्या डोक्यावर होती. मी ती आयुष्यभर बघत आले होते आणि मला ती बाईच्या डोक्याचा भागच वाटायची.

दुपार बरीच कलली तेव्हा सरांनी फडक्यानं धरून डबा बाहेर काढला. झाकण उघडलं. वास तर घुगऱ्यांचा होता. पण हुलगा वासावर जाऊ नये असाच असतो. छबूनं वाटी भरली आणि कुणाला द्यावी म्हणून ती घुटमळली. आत्यानं हात पुढे केला.

आत्याच्या तोंडात एकही दात नव्हता. तिनं चार दाणे तोंडात टाकले आणि तोंड मिटलं. गोठ्यातली माणसं पुढे वाकली. आत्याचे गाल आतबाहेर होत राहिले. तिला घाई नव्हती. एवढी माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसल्याचा योग पुन्हा थोडाच येणार होता. शेवटी तिनं गिळलं.

"हिरड्यांनी चावत्यात," ती म्हणाली.

असा गलका झाला की गोठ्यातल्या शेळ्या दावं ताणून उभ्या राहिल्या. मग घुगऱ्या वाटल्या. एवढ्या माणसांत चिमूट चिमूटच आल्या, पण प्रत्येकानं आपली चिमूट दाताखाली धरून, खात्री करून खाल्ली. पिसे सर डोळे पुसत होते आणि धुरानं पाणी येतंय म्हणत होते. धूर केव्हाच विरला होता.

छबूनं भिवाआबांसमोर ताट ठेवलं. कण्या आणि घुगऱ्या, कबूल केल्याप्रमाणे. त्यांनी लगेच हात लावला नाही. मग एक घास घेतला. चावला. आणखी एक घेतला. छबू समोर उभीच. 

"मीठ कमी हाय," भिवाआबा म्हणाले.

"आनते," म्हणून छबू वळली.

"आज ऱ्हाऊ दे. उद्या घाल बरूबर. साळंत जायच्या आदी."

पुढच्या वर्षभरात बरंच झालं. गोरडांच्या बायकांनी सरांना रस्त्यात गाठून गाठून भंडावलं. सर तालुक्याला खेटे घालत राहिले आणि निसर्ग मंडळाची पोरं वस्ती-वस्तीवर पेट्या लावायला जात राहिली. सगळ्याच टिकल्या नाहीत. काटकरांच्या पेटीची काच बोकडानं फोडली, आणि एका घरात तर तिच्यात कोंबडीची पिल्लं ठेवायचे. पण पुष्कळ टिकल्या. हळूहळू सकाळी माळावर नजर टाकली की निम्म्या घरांवर धूर नसायचा, आणि त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं.

दहावीच्या परीक्षेचं केंद्र दहिवडीला होतं. मी आणि छबू माझ्या मावशीकडे राहिलो होतो. भूमितीच्या पेपरला माझी जागा खिडकीशी आली. छबू माझ्या पुढे, पेपरात मान घालून. अर्धा पेपर झाला असेल, मी सहज बाहेर बघितलं. शाळेच्या कुंपणापलीकडे भर उन्हात भिवाआबा बसले होते. पटका काढून मांडीवर ठेवलेला. आमच्याकडे माणूस उन्हात पटका काढून बसतो तो एकाच कारणासाठी.

मला पुढचं काही सुचेना. छबूची पेन्सिल चालली होती, पट्टी फिरत होती. भिवाआबा खिडकीकडे बघत नव्हते, फाटकाकडे बघत नव्हते, नुसते बसले होते. शिपाई एकदा त्यांच्याकडे जाऊन आला. त्यांनी मान हलवून त्याला परत पाठवलं.

घंटा झाली. आम्ही बाहेर आलो. छबूनं त्यांना बघितलं आणि ती थबकली.

"आबा? हितं कसं काय?"

ते उठले. "समदं लिवलंस का?"

"लिवलं की."

"काय ऱ्हायलं न्हाई नव्हं?"

"न्हाई. का वं आबा?"

भिवाआबांनी पटका दोन्ही हातांत धरला. "आत्या गेली, पोरी. पाटं गेली. चूल पेटीवली न्हाई, पर कोनबी आलं न्हाई. पेटी लावली आसंल, म्हनलं आसंल लोकांनी. सकाळधरनं मीच हिंडतोय सांगत. गोरडांच्याकडं जाऊन आलो, काटकरांच्याकडं जाऊन आलो, गावात सांगितलं." त्यांनी तिच्या हातातली कंपासपेटी घेतली आणि आपल्या खिशात टाकली. "तुला तेवढं शेवटी सांगतोय."